पाणमोट लवकर फुटली तर : घर की इस्पितळ?

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांच्या पोटात एक अख्खे चित्र साठवलेले असते. 'पाणमोट' हा त्यांपैकी एक. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. आईच्या उदरात मूल ज्या पिशवीत, ज्या पाण्यात वाढते, ती पाणमोट. दिवस भरत आले, कळा सुरू झाल्या, की ती फुटते आणि बाळाची वाट मोकळी होते. हा झाला नेहमीचा क्रम. पण कधीकधी हा क्रम चुकतो. कळांचा पत्ता नसतो, दिवस भरायला महिना-दोन महिने, क्वचित चार-पाच महिनेही अवकाश असतो, आणि पाणमोट फुटते. शंभर गर्भवतींमध्ये दोघी-तिघींच्या वाट्याला हे येते. दिवस भरण्यापूर्वी जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांची कथा येथूनच सुरू होते.

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. मग या विषयावर मी का बोलावे, असे तुम्ही विचाराल, आणि ते योग्यच आहे. त्याचे उत्तर असे की ही गोष्ट माझ्या घरात घडली, आणि त्या रात्री पहिली चूक मीच केली. डॉक्टर काय करतात हे डॉक्टरांनी सांगावे. घरच्या माणसांचे कुठे चुकते, हे मात्र चुकलेल्या माणसाने सांगितलेले बरे.

साल २०१३. पावसाळ्याचे दिवस. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहत होतो. पत्नीला एकतिसावा आठवडा होता, म्हणजे आठवा महिना नुकताच लागलेला. घरात चार वर्षांची थोरली मुलगी आणि माझी आई. रात्री नऊच्या सुमारास पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटतंय." आई म्हणाली, "या दिवसांत पोटाचा भार पडतो, लघवी राहत नाही. पाय वर करून पड." बाहेर धो धो पाऊस. मी विचारले, "कळा येतायत का?" ती नाही म्हणाली. मग मी, एम्. ए. झालेला माणूस, काय म्हणालो असेन? म्हणालो, "मग सकाळी पाहू."

हे वाक्य मी आजवर अनेकदा मनाशी उच्चारले आहे. त्यात तर्काचा मोठा दोष आहे. कळा नाहीत म्हणून घाई नाही, असे मी धरून चाललो. वस्तुतः कळा नसताना पाणी जाणे हेच तर घाईचे कारण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही कोल्हापूरला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. चौदा तास वाया गेले. त्यामुळे पुढे काही बिघडले नाही. पण त्याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, नशिबाला आहे.

म्हणून पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. घर की इस्पितळ, हा प्रश्न पहिल्या दिवसाचा नव्हेच. पहिल्या दिवशी एकच उत्तर आहे : इस्पितळ. मध्यरात्र असो, पाऊस असो, कळा असोत वा नसोत. पाणी भळकन जाते तसे थेंबथेंबही जाते. ते लघवीसारखे रोखून धरता येत नाही, आणि त्याला लघवीचा वास येत नाही. शंका असेल तर स्वच्छ घडी ठेवावी आणि अर्ध्या तासाने पाहावी, पण शंका फिटली नाही तर वाट पाहू नये. पाणी हिरवट वा तपकिरी असेल, रक्त जात असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर अर्धा तासही नको. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर तो क्षण फारच मोलाचा. बाईला गुडघ्यांवर ओणवे करून, डोके खाली आणि कंबर वर ठेवून, तशीच न्यावी. आणि घरात किंवा वाटेत कोणीही हाताने आतून तपासू नये, मग ती कितीही अनुभवी सुईण असो. पिशवी शाबूत असते तेव्हा ती बाळाचा कोट असते. कोटाला भगदाड पडल्यावर बोटाने आत काय ढकलले जाईल, याचा नेम नाही. डॉक्टरसुद्धा अशा वेळी, बाळंतपण सुरू झालेले नसेल तर, बोटाने तपासणे टाळतात आणि निर्जंतुक साधनाने नुसते पाहून खात्री करतात.

आता इस्पितळात जाऊन असे काय होते, जे घरी होत नाही? लोकांचा समज असा की पाणमोट फुटली म्हणजे लगेच बाळंतपण करतात. तसे नाही. चौतीस आठवडे पुरे झाले नसतील आणि आई-बाळ दोघांचे ठीक असेल, तर डॉक्टर थांबतात. पोटातला प्रत्येक दिवस बाळाच्या कामाचा असतो. पाणी सगळे संपून जाते, हीही भीती खरी नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते पाणी मुख्यतः बाळाच्याच लघवीचे बनते, म्हणून गळत असले तरी नवे तयार होत राहते. परंतु थांबताना तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, जंतूंना अटकाव करणारे औषध. या बाबतीत २००१ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी आहे. तिच्यात ४,८२६ स्त्रिया होत्या. एरिथ्रोमायसिन दिलेल्या मातांच्या बाळांना लाभ झाला. उलट दुसऱ्या एका प्रचलित औषधाने काही बाळांना आतड्याचा गंभीर विकार झाल्याचे आढळले. तेव्हा घरात उरलेली किंवा दुकानातून मागून आणलेली गोळी देणे किती घातक, ते ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट बाळाच्या फुप्फुसांची. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे शास्त्रज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. एका विशिष्ट औषधानंतर अपुऱ्या दिवसांचे कोकरू अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेते, असे त्यांना दिसले. तो धागा धरून त्यांनी हॉवी यांच्यासह ऑकलंड येथे गर्भवतींवर चाचणी केली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण जवळ आले असता आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाला जन्मल्यावर श्वासाचा त्रास कमी होतो, हे त्यांनी दाखवले. आज हे जगभर करतात. आपल्याकडे २०१४ साली केंद्र सरकारने उपकेंद्रातील परिचारिकेलाही, बाईला मोठ्या इस्पितळात पाठवण्यापूर्वी पहिले इंजेक्शन देण्याची मुभा दिली. या इंजेक्शनांचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे माझे ते चौदा तास कशातून वजा झाले, हे आता कळले ना?

तिसरी गोष्ट पहारा. ताप, नाडी, पोटाचे दुखणे, पाण्याचा रंग आणि वास, बाळाचे ठोके, रक्ताची तपासणी. पिशवीत जंतूंचा प्रवेश झाला तर तो आधी कुजबुजतो, मग ओरडतो. कुजबुज ऐकण्यासाठी माणूस जवळ असावा लागतो.

पहिले तीन दिवस असे गेले. इंजेक्शने झाली. कळा नव्हत्या, ताप नव्हता, बाळ चांगले हलत होते. चौथ्या दिवशी सकाळी पत्नी म्हणाली, "मला घरी न्या."

मी तुम्हांला विनंती करतो की या वाक्याला हट्ट म्हणू नका. घरी चार वर्षांची मुलगी रात्री आईच्या नावाने रडत होती. माझ्या आईच्या गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता. पत्नी दिवसभर वॉर्डाच्या छताकडे पाहत पडून होती. शेजारच्या खाटा रिकाम्या होत, पुन्हा भरत. बाया येत, बाळंत होत, बाळ घेऊन जात, ही तिथेच. आणि तिचे आणखी एक कारण होते, जे ती दिवसा बोलत नव्हती. संध्याकाळी ती म्हणाली, "सविताबद्दल वाचलं होतं ना आपण? ती तर इस्पितळातच होती."

बेळगाव आमच्या गावाहून फार दूर नाही. तिथे वाढलेली सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य आयर्लंडमधील गॉलवे येथे राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, तिला तिथल्या इस्पितळात दाखल केले आणि तिथेच तिची पाणमोट फुटली. इतक्या लवकर बाळ वाचण्याची आशा नव्हती. पण बाळाचे ठोके चालू होते, आणि त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्यामुळे गर्भपात करून मिळाला नाही. जंतू रक्तात पसरले आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. आमच्या भागातील घराघरांत ही बातमी वाचली गेली होती.

आता माझी पंचाईत बघा. वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगतो, एका उदाहरणावरून नियम काढू नये. पण समोर पत्नी होती, विद्यार्थी नव्हता. शिवाय इस्पितळाची धास्ती ही केवळ एका बातमीतून आलेली नसते. तिला इतिहास आहे. १८४७ सालापूर्वी व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक. बायका रडून विनवीत की आम्हांला त्या विभागात घालू नका. कित्येकजणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत होणे पत्करीत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोधून काढले की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तात्पर्य, 'इस्पितळात माणूस मरतो' असे म्हणणारी आजी सर्वस्वी अडाणी नव्हती. तिने जे पाहिले ते सांगितले. तिने पाहिलेला काळ मागे पडला, एवढेच.

मग शास्त्र आज काय म्हणते? मी पुढे सवडीने हे वाचले, आणि मला आश्चर्य वाटले. इतक्या महत्त्वाच्या प्रश्नावर, म्हणजे पाणमोट लवकर फुटलेल्या स्त्रीला घरी ठेवावे की इस्पितळात, अशी समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्यांचा २०१४ साली आढावा घेतला गेला तेव्हा त्या फक्त दोन भरल्या. दोन्ही मिळून स्त्रिया ११६. घरी राहिलेल्या स्त्रियांचे इस्पितळातले सुमारे दहा दिवस वाचले, खर्च कमी झाला, आणि त्या अधिक समाधानी होत्या. माता व बाळांच्या प्रकृतीत मोठा फरक दिसला नाही. पण इतक्या थोड्या संख्येवरून 'फरक नाही' असे म्हणता येत नाही. 'फरक दिसण्याइतके आपण पाहिले नाही' असेच म्हणावे लागते. ही दोन विधाने निराळी आहेत, आणि त्यांची गल्लत शिकलेली माणसेही करतात.

त्याहून बोलका दुसरा आकडा आहे. त्यांतील पहिल्या, अमेरिकेत झालेल्या आणि १९९३ साली छापून आलेल्या चाचणीत आरंभी ३४९ स्त्रिया पाहिल्या गेल्या. त्यांपैकी घरी पाठवण्याचा विचार करण्यासारख्या निघाल्या केवळ ६७. बाकीच्यांची परिस्थिती मुळातच तशी नव्हती. आणि या ६७ जणींनाही आधी तीन दिवस इस्पितळात ठेवून पारखले होते. ज्या घरी गेल्या, त्या नुसत्या घरी गेल्या नाहीत. दर सहा तासांनी ताप आणि नाडी मोजायची, बाळाची हालचाल रोज लिहायची, आठवड्यातून दोनदा बाळाचे ठोके व रक्त तपासायचे, असा बंदोबस्त होता. फ्रान्समधील तज्ज्ञ मंडळींनी २०१८ साली असेच सांगितले की इस्पितळात दोन दिवस स्थिर राहिलेल्या स्त्रीला घरी पाठवता येईल. इंग्लंडमधील तज्ज्ञ प्रत्येकीची परिस्थिती पाहून ठरवा म्हणतात, आणि अमेरिकेतील तज्ज्ञांचा कल, बाळ जगण्याइतके वाढलेले असेल तर, इस्पितळातच ठेवण्याकडे आहे. मोठ्या वैद्यांचे एकमत नाही, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण 'घरी नेले तर काय बिघडते' म्हणणारा नातेवाईक आणि 'घरी नेले म्हणजे मारलेच' म्हणणारा नातेवाईक, दोघेही सारख्याच खात्रीने बोलत असतात.

मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि पत्नीची बाजू मांडली. जरा वकिली थाटातच मांडली, म्हणा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही प्रश्न विचारायला शिकवता ना? मग माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या. रात्री दोन वाजता हिला ताप चढला किंवा कळा सुरू झाल्या, तर इथे पोहोचायला किती वेळ लागेल?"

मी म्हणालो, "पाऊस नसेल तर दीड तास."

"पाऊस आहे," त्या म्हणाल्या. "आता दुसरा. दिवसा-रात्री दर सहा तासांनी थर्मामीटर कोण लावेल, नाडी कोण मोजेल, आणि लिहून कोण ठेवेल?"

मी सकाळी साडेसातला कॉलेजात जात असे. आईला थर्मामीटर वाचता येत नव्हता. मी गप्प राहिलो.

"आणि तिसरा. घरी गेल्यावर भाकरी कोण थापेल?"

या तिसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते तोंडातून बाहेर पडेना. आपल्याकडे 'घरी विश्रांती' हा शब्दप्रयोग पुरुषांनी तयार केला असावा. बाईचे घर हीच तिच्या कामाची जागा. चार माणसे म्हणतात, "तू नुसती पडून राहा," आणि दुधाला उतू जाताना पाहून तीच उठते. माहेर असेल तर गोष्ट थोडी निराळी. पण आपली माहेरे पुष्कळदा इस्पितळापासून आणखी दूर, आडगावी असतात.

त्या वॉर्डात आल्या. पत्नीने त्यांना सविताचे विचारले. मला वाटले, त्या रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी भीती खरी आहे. खाट म्हणजे पहारा नव्हे. हा तक्ता तुझ्या उशाशी राहील. दर वेळी आकडा लिहिला की नाही, ते तूही बघ. लिहिला नाही तर सिस्टरला हाक मार. कोणी रागावलं तर माझं नाव सांग." मग त्यांनी हेही सांगितले की आपल्या देशातला कायदा निराळा आहे; आईचा जीव तातडीने वाचवण्यासाठी गर्भपात करावा लागला, तर १९७१ पासूनच आपला कायदा आड येत नाही.

पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधील सरकारी चौकशी संस्थेने सविताच्या बाबतीतला अहवाल दिला. हात देऊन तिला सावरता आले असते असे तेरा प्रसंग हातचे निसटले, असे त्यात नमूद आहे. पहिल्याच दिवशीच्या रक्ततपासणीचा निष्कर्ष वेळेवर पाहिला गेला नाही. ताप, नाडी, रक्तदाब मोजण्यात खंड पडला. त्या देशाने २०१८ साली जनमत घेऊन घटनेतील ते कलमही रद्द केले. कायद्याचा दोष होताच. पण कायद्याइतकाच दोष न भरलेल्या रकान्यांचा होता. माझ्या पत्नीच्या तक्त्यावरही एका रात्री दोन रकाने कोरे राहिले होते. तिने सकाळी विचारले. त्यानंतर ते कोरे राहिले नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. पहारा इस्पितळाबाहेर नेता येतो का? येतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध सुरू करणे, ही कामे त्या बायांनी केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, ते काम जन्मलेल्या बाळांचे होते, फुटलेल्या पाणमोटेचे नव्हे. तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. मी ते एवढ्याचसाठी सांगतो की घर हे स्वभावतः असुरक्षित नसते. शिकलेला डोळा तिथे नियमाने पोहोचला, तर घरही पहाऱ्याची जागा होते. आणि डोळा नसेल, तर संगमरवरी इस्पितळही नुसती धर्मशाळा होते.

म्हणूनच मी म्हणतो, 'घर की इस्पितळ' हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. खरा प्रश्न असा : लक्ष कोण ठेवणार, किती वेळाने ठेवणार, आणि बिघडले तर मदत किती मिनिटांवर आहे? या तिन्हींची उत्तरे चोख असतील, डॉक्टरांनी दोन-तीन दिवस पारखून स्वतः होकार दिला असेल, तर घराचा विचार करता येईल. घर जवळ असावे. दारात वाहन असावे. रात्री जागे होणारे माणूस असावे. थर्मामीटर असावा आणि तो वाचणारा असावा. शंभर अंश आणि चार दशांश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, छातीची धडधड, पोटात दुखणे, पाण्याला दुर्गंधी, रक्त, कळा, बाळाची मंद हालचाल, यांतले एक जरी दिसले तरी विचारविनिमय न करता निघावे. समागम पूर्ण वर्ज्य. यातली एक अट जरी पुरी होत नसेल, तर इस्पितळच बरे. माझ्या घरी तिन्ही पुऱ्या होत नव्हत्या.

आम्ही राहिलो. मी महिन्याची रजा काढली, थोरलीला एक दिवसाआड कोल्हापूरला आणू लागलो. ती आईच्या खाटेवर बसून चित्रे काढी. पैसे गेले, काही उसने घ्यावे लागले. हे सारे खर्च मी लहान मानत नाही. ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांची रोजची मजुरी बुडते, त्यांना 'इस्पितळात राहा' म्हणणे सोपे असते, राहणे सोपे नसते. सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधे, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य मिळावे अशी योजना २०११ पासून आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. आपल्या गावच्या आशाताईंना या गोष्टी ठाऊक असतात. त्यांना आधीच विचारून ठेवावे, ऐन वेळी नव्हे.

तेराव्या दिवशी पहाटे पाच वाजता सिस्टरने तक्त्यावर आकडा लिहिला आणि ती थबकली. ताप शंभरच्या थोडा वर, नाडी एकशेदहा. पत्नीला विशेष काही जाणवत नव्हते, ती म्हणाली, "जरा गरम वाटतंय इतकंच." सिस्टरने बाळाचे ठोके ऐकले आणि ती धावत गेली. दुपारी बारापर्यंत मुलगा झाला होता. तेहतीस आठवड्यांचा, वजन पावणेदोन किलो. तो रडला. मला पुष्कळ लोकांनी सांगितले होते की सातव्या महिन्यातले मूल वाचते, आठव्यातले वाचत नाही. ही समजूत केवळ आपलीच नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या बाळावर असा एक ग्रंथ आहे. पण ती खोटी आहे. पोटातला प्रत्येक वाढता आठवडा बाळाला बळ देतो. आठव्यातले बाळ सातव्यातल्याहून सबळच असते. ज्या घरांत 'आठवा लागला, आता काय उपयोग' म्हणून पाय ओढले जातात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यानही, जंतूंची लक्षणे नसतील तर लगेच बाळंतपण न करता थांबणे बाळाच्या श्वासाला हितकर ठरते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १,८३९ स्त्रियांच्या चाचणीत दिसून आले. थांबायचे मात्र पहाऱ्यात.

मुलगा तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. आज तो सायकलवरून शाळेत जातो आणि पावसात भिजून येतो. मी रागावतो, तेव्हा त्याची आई हसते. ती म्हणते, "पाण्याशी त्याचं जुनंच भांडण आहे."

त्या पहाटे आम्ही घरी असतो तर? मी हा विचार पुष्कळदा करतो. पहाटे पाचला मी झोपेत असतो. तिला थोडे गरम वाटले असते. तिने मला उठवले नसते. भाकरीचे पीठ मळायला घेतले असते. आणि मला जाग आल्यावर तिने सांगितले असते, तर मी काय म्हणालो असतो, हे तुम्हांला आता ठाऊक आहे.

तेवढे एक वाक्य तुमच्या घरात कोणी म्हणू नये, यासाठी मी आज बोललो.